लोकमान्यांचे पथ्यपाणी

लोकमान्य टिळक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लाल पगडी, खांद्यावरचे उपरणे, जाड मिशा आणि करारी नजर उभी राहते. शाळेत असताना १ ऑगस्टला आपण सर्वजणींनी त्यांच्यावर भाषणे केलेली आहेत. शेंगांची टरफले, स्वराज्य आणि मंडालेचा तुरुंग, एवढ्या तीन गोष्टींवर आपले भाषण संपत असे. परंतु या थोर पुरुषाला मधुमेह होता, आणि आयुष्यातील सर्वांत मोठे काम त्यांनी हा आजार अंगावर वागवीत, ताटातले पदार्थ मोजूनमापून केले, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्या भगिनींना ठाऊक असेल. मलाही ती नव्हती. सहा वर्षांपूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. घरात बसून राहण्याचा कंटाळा येऊ लागला तेव्हा वाचनालयातून चरित्रे आणून वाचू लागले, आणि लोकमान्यांच्या चरित्रात ही हकीकत सापडली. मी सातवी शिकलेली साधी गृहिणी. त्यांचे राजकारण समजावून सांगण्याचा माझा अधिकार नाही. त्यांच्या ताटाबद्दल मात्र चार शब्द लिहू शकेन असे वाटते, कारण ताट हा आपला विषय आहे.

आणखी एक सांगते. टिळक म्हणजे पुण्याचे, आपल्या भागाशी त्यांचा काय संबंध, असे कोणी म्हणू नये. १८९१ च्या सुमारास त्यांनी भागीदारीत कापसाची सरकी काढण्याचा कारखाना, म्हणजे जिनिंग, काढला होता तो आपल्या लातूरला. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते. शाळा आणि वर्तमानपत्र यांवर घर चालत नाही, म्हणून संसाराला आधार असावा एवढ्यासाठी तो खटाटोप होता. तेव्हा त्यांनी आपल्या भागाचा कापूस हाताळलेला आहे, एवढे नाते आपण सांगू शकतो.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षण खात्यात होते. आई पार्वतीबाई मुलगा दहा वर्षांचा असतानाच वारल्या, आणि सोळाव्या वर्षी वडिलांचेही छत्र गेले. त्याआधी १८७१ साली लग्न झालेले होते. मुलीचे माहेरचे नाव तापी, सासरी आल्यावर सत्यभामाबाई झाल्या.

लहानपणी त्यांची प्रकृती यथातथाच होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्यावर त्यांच्या मनाने घेतले की अशा शरीराने काही मोठे काम व्हावयाचे नाही. मग पहिले वर्ष त्यांनी अभ्यासाला जवळजवळ सुट्टीच दिली. तालमीत जाणे, कुस्ती, नदीत पोहणे, नाव वल्हविणे आणि भरपूर जेवणे हाच त्यांचा दिनक्रम झाला. त्या वर्षी परीक्षेत यश आले नाही. आजच्या आईबापांनी अशा मुलाला काय काय ऐकविले असते याचा विचार करावा! पण पुढे तुरुंगांमध्ये जे शरीर टिकले ते या एका वर्षाच्या कमाईवर, असे सर्वच चरित्रकार सांगतात. पुढे ते पदवीधर झाले, १८७९ मध्ये कायद्याची परीक्षा झाली. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८१ च्या जानेवारीत केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. गणेशोत्सव, शिवजयंतीचा उत्सव, दुष्काळातील आणि प्लेगातील काम हे सर्व आपण शाळेत शिकलेलो आहोत, म्हणून ते पुन्हा सांगत नाही.

मात्र एक गोष्ट महिला मंडळाच्या स्मरणिकेत न सांगता पुढे जाणे मला बरे वाटत नाही. मुलींनी काय शिकावे, त्यांची लग्ने कोणत्या वयात व्हावीत, याविषयी टिळकांची मते आज आपल्याला पटण्यासारखी नाहीत. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. आगरकरांचे आणि त्यांचे बिनसले ते अशाच प्रश्नांवरून. आज मी चार ओळी लिहिते आहे ती आगरकर आणि जोतीराव-सावित्रीबाई यांच्या पुण्याईने, हे मी जाणते. पण ज्याच्याकडून जे शिकावयाचे ते शिकावे. आजारपण कसे वागवावे हे शिकण्यास टिळकांसारखा दुसरा गुरू मला सापडला नाही.

तुरुंगातील अन्नाची आणि त्यांची पहिली मोठी गाठ १८९७ साली पडली. राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. जाडीभरडी भाकरी आणि कांदालसूण घातलेले कालवण असे तिथले जेवण. कांदालसूण त्यांना चालत नसे, म्हणून कित्येक दिवस कोरड्या भाकरीवरच काढले आणि वजन झपाट्याने उतरले. वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये सुटका झाली तेव्हा अंगावर काही उरले नव्हते. मग सिंहगडावर जाऊन राहिले. तेथील हवा त्यांना मानवत असे. पुढेही थकवा आला की ते सिंहगडाचाच रस्ता धरीत. १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. ताईमहाराज प्रकरणाचे कोर्टकज्जे मागे लागलेलेच होते. अशा धकाधकीत पन्नाशी आली, आणि मधुमेहही आला.

आता १९०८ साल. केसरीतील लेखांबद्दल २४ जून रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांना पकडले. त्यांनी स्वतःच आपली बाजू मांडली. २२ जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सांगितला. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पुरी होणार होती. शिक्षेच्या वेळी ते जे बोलले ते आज मुंबईच्या उच्च न्यायालयात कोरून ठेवलेले आहे. आपण मोकळे राहण्यापेक्षा आपल्या सोसण्यानेच हाती घेतलेले कार्य पुढे जावे अशी वरच्या शक्तीची इच्छा असेल, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. पुढे सहा वर्षे ते जसे वागले त्यावरून ते नुसते कोर्टातले बोलणे नव्हते हे दिसते.

त्यांना प्रथम साबरमतीच्या तुरुंगात ठेवले. काळ्या पाण्याऐवजी साधी कैद असा बदल झाला आणि सप्टेंबरमध्ये बोटीने रंगूनला आणि तेथून मंडालेस नेले. मंडाले म्हणजे ब्रह्मदेशाच्या, आजच्या म्यानमारच्या, राजाची जुनी राजधानी. यात दैवाचा एक खेळ आहे. त्या मंडालेचा राजा थिबा याला इंग्रजांनी धरून आणून ठेवले होते ते रत्नागिरीस, म्हणजे टिळकांच्या जन्मगावी! तो १९१६ मध्ये तेथेच मरण पावला. मंडालेचा माणूस रत्नागिरीला आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेला, असा इंग्रजांचा न्याय.

मंडालेची त्यांची कोठडी लाकडाची होती. लाकडी गजांचा पिंजराच म्हणावा. उन्हाळ्यात गरम वारा आणि धूळ थेट आत, पावसात पाण्याची झड आत, आणि थंडीत गारठा आत. आपल्या उमरग्याचे मे महिन्यातले ऊन ज्यांनी पत्र्याखाली बसून काढलेले आहे त्यांना थोडी कल्पना येईल. एकदा तुरुंगात पटकीची साथ आली तेव्हा त्यांना काही काळ मेकटिला येथील तुरुंगात हलविले होते. घरी महिन्याला एक पत्र लिहिण्याची परवानगी. तीही तुरुंगाचे अधिकारी वाचून मगच पाठवीत.

आणि अंगात मधुमेह. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज आपल्याला सकाळी गोळी आहे, लागली तर इन्शुलिनची सुई आहे, बोटाला टोचून घरच्या घरी साखर पाहण्याचे यंत्र आहे, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी आहे. टिळकांच्या वेळी यातले काहीही नव्हते. इन्शुलिनचा शोध कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी लावला, आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्याने एका १४ वर्षांच्या मुलाला टोचले. म्हणजे टिळक गेल्यानंतर. त्यांच्या काळी मधुमेह्याजवळ एकच शस्त्र होते, ते म्हणजे पथ्य. ते पाळले तर माणूस काही वर्षे काढी, न पाळले तर जखमा चिघळत, डोळे जात, माणूस झिजून जाई.

लोकमान्यांनी भात सोडला आणि गहूही सोडला. कोकणात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या माणसाने भात सोडणे म्हणजे आपण ज्वारीची भाकरी सोडण्यासारखे आहे. त्यांच्या जेवणात मुख्य अन्न जवाच्या पिठाचे. त्याच्या पुऱ्या, आणि त्याबरोबर दूध, दही, तूप. रोज तेच. आठवड्यातून एकदा तेच, असे नव्हे. वर्षानुवर्षे तेच.

जव म्हणजेच सातू. आपल्याकडे याबाबत घोटाळा होतो म्हणून खुलासा करते. आपण घरी उन्हाळ्यात गूळ आणि दूध घालून मुलांना देतो ते सातूचे पीठ गहू आणि डाळे भाजून केलेले असते. नाव सातूचे असले तरी त्यात सातू नसतो. खरा सातू म्हणजे जव, जो आपण पूजेच्या सामानात पाहतो. चरकाच्या वैद्यकग्रंथात प्रमेह झालेल्या माणसाने जव हेच मुख्य अन्न ठेवावे असे सांगितलेले आहे, म्हणजे ही गोष्ट दोन हजार वर्षांपासून आपल्या वैद्यांना ठाऊक होती. आजचे डॉक्टरही सांगतात की जवामध्ये एक प्रकारचा बुळबुळीत चोथा असतो, त्यामुळे अन्न सावकाश पचते आणि रक्तात साखर एकदम चढत नाही. मी जवाचे पीठ आणून पाहिले. त्याला गव्हासारखा चिवटपणा नाही. पोळी लाटायला घेतली की कडेने फाटते. पुरीएवढे लहान लाटले तर जमते. लोकमान्यांच्या पुऱ्यांचे कारण मला पोळपाटावर कळले, ते कोणत्याही चरित्रात दिलेले नाही!

पण भगिनींनो, हे वाचून कोणी आजच तुपातल्या पुऱ्या तळायला घेऊ नका, आणि डॉक्टरांची गोळी तर मुळीच बंद करू नका. लोकमान्यांजवळ गोळी नव्हती म्हणून सारा भार पथ्यावर होता. आपल्याला गोळी आणि पथ्य दोन्ही आहे. मला दवाखान्यात सांगितले की जव खा, ज्वारी खा, पण मोजून खा. भाकरीतही पीठच असते, ती हवी तितकी खावी असे नाही. ताटात अर्धी जागा भाजीला ठेवा. आपल्याकडे भाजीला काय तोटा आहे? अंबाडी आहे, मेथी आहे, शेपू आहे, हरभऱ्याचा पाला आहे. हुलग्याचे माडगे आहे, मटकीची उसळ आहे. हे सर्व गरिबाच्या घरी होते. आपल्या आज्या हेच खात आल्या. भाजीतले तेल तेवढे कमी करावे लागते, आणि वाटीभर गुळाची सवय मोडावी लागते.

पुन्हा मंडालेकडे वळते. सातारा जिल्ह्यातील कुलकर्णी नावाचे एक कैदी त्यांना स्वयंपाक करून देण्यासाठी नेमले होते. मंडालेतील आयुष्याच्या बऱ्याच आठवणी आपल्याला कळतात त्या या आचाऱ्यामुळे. लोकमान्यांची दिनचर्या घड्याळासारखी होती. पहाटे उठून ईश्वरचिंतन, मग स्नान, पूजा, मग वाचन आणि लेखन. जेवण ठरलेल्या वेळी. संध्याकाळी लवकर कोठडी बंद होई, म्हणून रात्रीचे जेवण दिवस मावळायच्या आतच. आज शहरांतले डॉक्टर फी घेऊन सांगतात की रात्री उशिरा जेवू नका. त्यांना ते तुरुंगाच्या कुलपाने पाळायला लावले. आचाऱ्याजवळ बसून ते त्याला गोष्टी सांगत, घरच्यासारखी विचारपूस करीत. जेवताना चिमण्यांसाठी दाणे बाजूला ठेवीत. पुढे पुढे चिमण्या इतक्या धीट झाल्या की त्यांच्या अंगाखांद्यावर येऊन बसत, आणि ते पाहून गोरा अधिकारी चकित झाला, अशी आठवण सांगतात. ज्याच्या ताटात स्वतःला मनासारखे काही नाही, तो ताटाकडे पाहून कण्हत बसत नाही आणि चिमण्यांची पंगत मांडतो. मला ही आठवण फार आवडते.

मधुमेहाने माणूस चिडचिडा होतो, निराश होतो. हे मी स्वतःवरून सांगते. सगळ्यांत वाईट असते ते सणावारी. वेळ अमावस्येला शेतात सगळे भज्जी, आंबील, उंडे आणि खिरीवर बसलेले असतात आणि आपण वाटी पुढे सारतो. एका पोळीने काय होते, असे म्हणून प्रेमाने आग्रह करणारी माणसेच पथ्याला जास्त जड जातात. मंडळाच्या हळदीकुंकवातही तसेच. लोकमान्यांना आग्रह करायला तिथे कोणी नव्हते हे खरे, पण धीर द्यायलाही कोणी नव्हते. मग सहा वर्षे त्यांचा धीर टिकला कशावर? आपण बरे होऊ या आशेवर तो टिकला नाही. तेव्हा हा आजार बरा होत नसे आणि ते गणिताचे पदवीधर होते, खोटी बेरीज ते करणार नाहीत. त्यांचा धीर टिकला तो उद्या सकाळी करावयाच्या कामावर.

ते काम म्हणजे वाचन. घरून पुस्तके मागवून घेत. सुटकेच्या वेळी ती चारशेच्या आसपास झाली होती. पन्नाशी उलटल्यावर तिथे बसून त्यांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली भाषांचा अभ्यास केला. मला सांगा, ज्याला आपले आयुष्य संपले असे वाटते तो माणूस नवीन भाषेची बाराखडी गिरवायला घेईल का? आणि मग १९१० च्या २ नोव्हेंबरला त्यांनी गीतारहस्य लिहावयास घेतले. शाई मिळत नसे, पेन्सिलीने लिहावे लागे. वह्या बांधलेल्या आणि पानांवर आकडे घातलेल्या, म्हणजे एक पान फाडले तरी कळावे. ३० मार्च १९११ रोजी ग्रंथ लिहून झाला. पाच महिन्यांत एवढा मोठा ग्रंथ. कर्म करीत राहावे हाच गीतेचा उपदेश आहे असे त्यांनी त्यात मांडले आहे. मोठमोठ्या पंडितांनी त्यावर वाद घातले, त्यातले मला कळत नाही. मला दिसतो तो जवाची पुरी खाऊन पुन्हा वहीकडे वळणारा एक आजारी माणूस.

घरी पाठविलेल्या पत्रांतही प्रकृतीचा उल्लेख असे. तो रडगाण्यासारखा नसे. प्रकृती अशी आहे, आहार असा ठेवला आहे, अमुक पुस्तक पाठवा, मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष असू द्या. ही पत्रे बहुतेक भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या नावे जात. खटल्याची कामे, छापखान्याची कामे, सर्व त्यांतून सांगत.

इकडे पुण्यात गायकवाड वाड्यात सत्यभामाबाई होत्या. रामभाऊ आणि बापू हे मुलगे अजून शिकत होते. नवरा समुद्रापलीकडे, आणि यांचीही प्रकृती खालावत गेलेली. ७ जून १९१२ रोजी त्या वारल्या. लग्नाला ४१ वर्षे झाली होती. मंडालेत तारेने बातमी गेली. लोकमान्यांनी भाच्याला जे पत्र लिहिले ते वाचताना माझे डोळे भरून आले. शेवटच्या वेळी आपण तिच्याजवळ नव्हतो, ही गोष्ट मनाला सर्वांत अधिक लागली असे त्यांनी त्यात सांगितले. मुलांसाठी निरोप होता की, मी तुमच्याहून लहान असताना पोरका झालो होतो, तुम्ही स्वतःच्या पायावर उभे राहण्यास शिका. आयुष्याचे एक प्रकरण संपले, असेही त्यांनी लिहिले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पथ्य, तीच पुस्तके. अजून दोन वर्षे काढावयाची होती.

सत्यभामाबाईंविषयी चरित्रांत फार थोडी पाने आहेत. नवऱ्याने काय खाल्ले हे इतिहासात लिहिले गेले, बायकोचे ताट कोणी पाहिले नाही. हे आपल्याही घरांत चालते. सासऱ्यांचे पथ्य, मालकांचे पथ्य आपण काटेकोर सांभाळतो. त्यांच्यासाठी वेगळी भाजी, बिनसाखरेचा वेगळा चहा. आणि स्वतः मात्र सर्वांची पाने उचलल्यावर उरलेसुरले, तेही दुपारचे तीन वाजता. मधुमेह असलेल्या बाईने असे उशिरा आणि एकदम पोटभर जेवणे, किंवा गोळी घेऊन उपास धरणे, हे धोक्याचे आहे. साखर अचानक उतरते, दरदरून घाम सुटतो, हातपाय कापू लागतात. एकादशीला गोळी घेऊन उपाशी राहणाऱ्या बाया आपल्या गल्लीत आहेत, म्हणून हे येथे मुद्दाम लिहिले. उपास धरावयाचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. देव त्यात कमीपणा मानीत नाही.

८ जून १९१४ रोजी लोकमान्यांना मंडालेहून हलविले. कोठे नेणार हे सांगितले नाही. बोटीने मद्रास, तेथून आगगाडीने पुण्याजवळ, आणि १६ जूनच्या मध्यरात्री मोटारीने वाड्याच्या दारात आणून सोडले. एवढ्या वर्षांनी अपरात्री आलेल्या धन्याला दरवाजावरच्या पहारेकऱ्याने ओळखले नाही, असे सांगतात. घरात सत्यभामाबाई नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून दर्शनाला माणसांची रीघ लागली.

गीतारहस्याच्या वह्या मात्र सरकारने तपासणीसाठी ठेवून घेतल्या होत्या. दिवस जाऊ लागले तशी मंडळींना धास्ती वाटू लागली. लोकमान्य निर्धास्त होते. वह्या सरकारकडे असल्या तरी ग्रंथ आपल्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढू, असे ते म्हणत. साठीला टेकलेला मधुमेही माणूस हजार पाने पुन्हा लिहिण्याची गोष्ट करतो, याला काय म्हणावे! तशी वेळ आली नाही. वह्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ छापून निघाला. आवृत्ती हातोहात खपली.

पुढली सहा वर्षे म्हणजे नुसती धावपळ. १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीगची स्थापना, २३ जुलैला साठी आणि त्यानिमित्त लोकांनी दिलेली एक लाख रुपयांची थैली, त्याच दिवसांत सरकारने मागितलेला जामीन, वर्षाअखेर लखनौची काँग्रेस. गावोगाव व्याख्याने. मिळालेली थैली त्यांनी देशाच्या कामासाठी देऊन टाकली. १९१८ साली, ६२ व्या वर्षी, चिरोल खटल्यासाठी ते विलायतेस गेले आणि लंडनच्या थंडीत वर्षभर राहिले. खटला हरले, फार मोठा खर्च अंगावर आला. परत येताच डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरच्या काँग्रेसला हजर. सुपारीचा शौक मात्र त्यांचा जुना होता. अडकित्ता हाताशी असला की त्यांना बोलणे सुचे. एवढे पथ्य पाळणाऱ्या माणसाला एखादा शौक असावा, हे वाचून मला जरा बरेच वाटले.

१९२० च्या जुलै महिन्यात कोर्टाच्या कामासाठी ते मुंबईस सरदारगृहात उतरले होते. पावसाळ्याचे दिवस. मोटारीतून फिरून आल्यावर थंडी वाजून ताप भरला. ताप हटेना, पुढे न्यूमोनिया झाला. दारात रात्रंदिवस माणसे उभी असत. ३१ जुलैच्या रात्री बारा वाजून गेल्यावर, म्हणजे १ ऑगस्ट लागल्यावर, १२ वाजून ४० मिनिटांनी प्राण गेला. वय ६४ वर्षे. सकाळी धो धो पाऊस होता, तरी लाखो लोक जमले. गांधीजींनी खांदा दिला. अंत्यसंस्कार नेहमीच्या स्मशानात न होता चौपाटीच्या वाळूवर झाले. तेथे आज त्यांचा पुतळा उभा आहे.